तळघरातला संसार

द्राक्षं चिरडायच्या दिवशी मोठे भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेव्हाच मी ओळखलं की आज या तळघरात नुसती वाईन होणार नाही, भांडणही होणार. एल्दरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी कोपराने ढोसलं. तो म्हणाला, "असेल गं, इथून पुढे लग्नाबिग्नाला जायचं असेल." माझा नवरा भारी भोळा आहे. निदान भोळेपणाचं सोंग तरी फार छान करतो.

दरवर्षी सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांची खोकी आली की आमच्या नेवार्कमधल्या या मोहल्ल्यात गोड-आंबूस वास सुटतो. पोर्तुगालच्या मुर्तोझा गावाहून आलेलं प्रत्येक कुटुंब त्या दिवशी तळघरात उतरतं. सासरे होते तेव्हा आमच्याकडे साठ खोकी यायची. रेडिओ लागायचा, शेगडीवर सार्डिन मासे भाजले जायचे, शेजारचे म्हातारे 'जरा चव बघतो' म्हणत यायचे आणि दुपारपर्यंत हलायचे नाहीत. आल्बानो, माझे सासरे, चरकाची मूठ फिरवता फिरवता खाडीवरची गाणी म्हणायचे. गळा अगदी बेसूर, पण मनापासून गायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली; सासूबाई या तळघरात एकट्याच राहतात, आम्ही दोघं दोन गल्ल्या सोडून. आता तीसच खोकी येतात, आणि मूठ फिरवतो सेगुन्दो.

सेगुन्दो आमचा भाडेकरू. दुसऱ्या मजल्यावर चौदा वर्षं आहे, म्हणजे मी या घरात सून म्हणून यायच्या दोन वर्षं आधीपासून. छपरांची कामं करतो. तो इक्वेडोरच्या डोंगरातला आणि मी त्याच देशातली पण समुद्रकाठची, त्यामुळे आमचं एकमेकांना चिडवणं चालूच असतं. तो मला बडबडी म्हणतो, मी त्याला मुका म्हणते. दोन्ही खरं आहे.

"आई, बस जरा. बोलायचंय," भावोजी म्हणाले.

सासूबाई केलची पानं चिरत होत्या. सूपसाठी इतकी बारीक की केसासारखी. "बोल की नॉर्बर्तो. मी हाताने चिरतेय, कानाने नाही."

"जिन्यावरून तू दोनदा पडलीस. आता तिसऱ्यांदा पडायची वाट बघायची का? आमच्याकडे ये राहायला. ग्रासाने खोली लावून ठेवलीय, खिडकीतून झाडं दिसतात."

"लावलीय आई, पडदेसुद्धा नवे," माझी जाऊ ग्रासा म्हणाली. मोठी गोड बोलते ती, नवऱ्यासमोर तर जास्तच.

"आणि हे घर?"

"एक बिल्डर नऊ लाख डॉलर देतोय. सोमवारी सही करायची. पाडून पाच मजले उठवणार आहे."

चरक थांबला. सेगुन्दोचा हात मुठीवर तसाच राहिला. सेगुन्दोने हे घर ऑगस्टमध्येच विकत मागितलं होतं आणि ते या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"सेगुन्दोने विचारलंय की आधी," मी म्हणाले. "यादिराला बँक साडेसहा लाखांपर्यंत कर्ज देते म्हणाली." यादिरा त्याची मुलगी. इथेच जन्मली, आता नर्स आहे.

"साडेसहा आणि नऊ यांत काय फरक असतो, कळतं ना तुला नार्सिसा?"

"कळतं ना भावोजी. चौदा वर्षांची ओळख आणि चार दिवसांची ओळख यांतलाही कळतो."

"हे बघ, आमच्या बाबांना कोणी सूट दिली नव्हती. खाडीतलं शेवाळ उपसून खत म्हणून विकणारा माणूस. इथे येऊन सिमेंट वाहिलं. घर घेतलं त्याच दिवशी ठरवलं, आपण तळघरात राहायचं आणि वरचे तिन्ही मजले भाड्याने द्यायचे. आम्ही दोघे भाऊ त्या बॉयलरमागे झोपलो. म्हणून आज आमचं काहीतरी आहे. ही माणसं चौदा चौदा वर्षं नुसतं भाडं भरतात आणि मग म्हणतात, आम्हाला स्वस्तात द्या."

'ही माणसं' म्हणे. आणि सेगुन्दो चार हातांवर उभा, त्याच्या कोपरापर्यंत आमच्या द्राक्षांचा रस. मला राहवेना.

"बाबांनी हे घर केवढ्याला घेतलं होतं?"

"अठ्ठावीस हजार."

"आणि बाबांचा वर्षाचा पगार?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, "चौदा हजार. जास्तीच्या तासांचे धरले तर सोळा. दंगलीत शहर जळून दहाएक वर्षं झाली होती, जो तो घर टाकून पळत होता. आम्हाला म्हणून मिळालं."

"म्हणजे दोन वर्षांच्या पगारात घर! सेगुन्दोला साडेसहा लाखांसाठी पंधरा वर्षांचा पगार लागेल, तोही न जेवता. बाबांना त्यांच्या मामाने बोलावणं पाठवलं, ते विमानातून उतरले ते खिशात कागद घेऊन. सहा महिन्यांत युनियनमध्ये. पाय मोडला तर घरबसल्या पैसे, म्हातारपणी पेन्शन. सेगुन्दो पाच देश ओलांडून आला, कधी ट्रकमध्ये, कधी पायी. मागच्या वर्षी छपरावरून पडला तर मालकाने त्याला इस्पितळाच्या दारात उतरवलं आणि गाडी वळवून गेला. कष्ट दोघांचे सारखेच आहेत हो. कष्टांना भाव मात्र सारखा नाही मिळाला."

"भाषण झालं?"

"एकच राहिलं. तुमच्या कंपनीत फरशा घालायला बारा जण आहेत. सगळे माझ्याच देशाकडचे. त्यांतल्या किती जणांना युनियन आहे, भावोजी?"

एल्दर हळूच म्हणाला, "नार्सिसा, पुरे." पण त्याच्या ओठांच्या कडा हसत होत्या. तो माझ्या बाजूने होता तोवर.

भावोजींचा चेहरा लाल झाला. मला तेव्हा वाटलं, पैशाच्या हावेने. खरं कारण ग्रासाने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. शाळेत नॉर्बर्तोच्या कपड्यांना वाईनचा, माशांचा आणि बॉयलरच्या धुराचा वास यायचा. पोरं नाक धरायची. वर भाडेकऱ्यांची मुलं उजेडात अभ्यास करायची आणि मालकाचा मुलगा खाली दिव्याखाली. बिल्डर 'पाडणार' म्हणाला तेव्हा भावोजींनी पैशाबद्दल काही विचारलंच नाही, आधी विचारलं, तळघरसुद्धा उकरून काढाल ना? हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी युनियनचं काढलं नसतं. कदाचित काढलंही असतं. माझी जीभ आहेच तशी.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "फरक अडीच लाखांचा ना? मग गावी मुर्तोझाला बांधलेलं ते घर विका. दोघांनी वाटून घ्या. कोणाचं नुकसान व्हायला नको."

आणि इथे माझ्या भोळ्या नवऱ्याने रंग बदलला.

"मुर्तोझाचं? आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाबांचं घर आहे ते!"

"हे नाही का बाबांचं?"

"ते वेगळं. त्या निळ्या टाइल्स त्यांनी एकेक निवडून आणल्या होत्या. ऑगस्टमध्ये सकाळी दार उघडलं की खाडीचा वारा आत येतो. माझं सगळं लहानपण..."

"तुझं लहानपण बॉयलरमागे गेलं," भावोजी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की भाऊ आपल्या बाजूला येतोय, आणि ते लगेच गोड झाले. "पण एल्दरचं बरोबर आहे. ते घर नाही विकायचं. हे विकायचं, बिल्डरला."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. बारा वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा तो परका वाटला. वर्षातून एक महिना उघडणाऱ्या दारासाठी हा माणूस एका कुटुंबाला रस्त्यावर काढायला तयार होता, आणि तोही डोळ्यांत पाणी आणून.

पण म्हणतात ना, घरातल्या बायका कधी कुठे वळतील सांगता येत नाही. ग्रासाने हातातलं द्राक्षांचं खोकं धाडकन जमिनीवर आपटलं.

"विका! आईंचं अगदी बरोबर आहे. विका ते घर!"

"ग्रासा?" भावोजी म्हणाले.

"सव्वीस वर्षं! सव्वीस ऑगस्ट! तुम्ही दोघे भाऊ जाता खाडीवर, बाम माशांचं कालवण खाता, गावच्या लोकांना गाडी दाखवता. आणि मी? बावीस खिडक्यांच्या झडपा धुते. पहिला आठवडा बुरशी घासते, शेवटचा आठवडा पलंगांवर चादरी घालते. सात खोल्या, आणि झोपायला आपण चौघं. समुद्र अर्ध्या तासावर आहे म्हणे. मी पाहिलाय का कधी धड दोन दिवस?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. बारा वर्षं मला वाटत होतं ही बाई नवऱ्याची सावली आहे. सासूबाई खुदकन हसल्या.

"मीपण धुतल्यात गं पोरी. तुझ्याआधी मीच धुवायची."

त्यांनी सेगुन्दोकडे वळून विचारलं. आमच्या घरात त्या पोर्तुगीज बोलतात, तो स्पॅनिश बोलतो, आणि दोघांचं काही अडत नाही. "काय रे, समजा घर तुला दिलं. राहणार कुठे?"

सेगुन्दोने हात पुसले. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसला. त्याला वाटलं असावं, या प्रश्नाचं बरोबर उत्तर आपल्याला येतं.

"इथेच मावशी, खाली. मी नि माझी बायको सोइला. यादिरा आत्याकडे राहील. तो रिकामा पहिला मजलासुद्धा भाड्याने दिला की बँकेचा हप्ता निघतो. आम्ही सगळा हिशेब केलाय. तुम्ही नि आल्बानोकाकांनी केलंत, अगदी तसंच करणार."

सासूबाईंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, चक्कर येतेय. मी खुर्ची पुढे ओढली. त्या बसल्या नाहीत.

नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना फक्त खिडकी दिसली. तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला असते, हातभर उंचीची. त्यातून बेचाळीस वर्षं त्यांनी माणसांचे पाय बघितले. शेजारीण आजारी आहे हे त्यांना तिच्या चालीवरून कळायचं, पोरं कामाला लागली हे बुटांवरून. बर्फ पडला की तेही दिसायचं नाही. पहिल्या हिवाळ्यात त्या आल्बानोला म्हणाल्या होत्या, दोनच वर्षं हं. तो म्हणाला होता, दोनच. मग मुर्तोझाला घर बांधायला काढलं. पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू गेला तेव्हा तरी वर जायचं, तर तो म्हणाला, चांगलं फर्निचर आणलंय, पाहुण्यांसाठी राहू दे. त्या मजल्यावर सासऱ्यांना झोपवलं ते एकदाच, शवपेटीत.

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काय नाही, मावशी?"

"घर तुझं. साडेसहाला तुझं. पण इथे कोणी राहायचं नाही. तू नाही, सोइला नाही, कोणी नाही. तुम्ही दुसऱ्यावरच राहा. तिसरा भाड्याने द्या. पहिल्यावर मी राहीन, मरेपर्यंत. त्याचं भाडं देईन तुला."

"आई, भाडं? स्वतःच्या घरात?" एल्दर म्हणाला.

"तू गप्प बस. तू हे बाबांचं घर आणि ते बाबांचं घर करत बस."

सेगुन्दोने मान हलवली. मुका माणूस, पण खोटं बोलत नाही. "मग नाही जमायचं, मावशी. दर महिन्याला आठशे कमी पडतील."

"आठशे? आणि गावाला किती पाठवतोस?"

तो चरकाकडे बघायला लागला. बोलले मी. "आठशेच पाठवतो, आई. त्याच्या गावी, कान्यारला, घर बांधतोय. नऊ वर्षं झाली."

"दाखव."

त्याने फोन काढला. आम्ही सगळे भोवती जमलो, भावोजीसुद्धा. डोंगराच्या उतारावर तीन मजली घर. निळ्या काचा, पुढे चार खांब, वर गरुडाचे दोन पुतळे. आजूबाजूला मक्याची शेतं, दुसरं काही नाही.

"अरे वा," भावोजींच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ते बॉयलरपाशी जाऊन उभे राहिले. एल्दर मात्र फोनवरून नजर काढेना. काचा मुर्तोझाच्या टाइल्सइतक्याच निळ्या होत्या.

"कोण राहतं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. आई मागच्या जुन्या घरात राहते. मातीचं आहे. तिथे चूल आहे, पाळलेले गिनीपिग आहेत, तिला तिथेच बरं वाटतं."

"कधी भेटलास आईला?"

"चोवीस वर्षं झाली."

आम्हा पोर्तुगीजांच्या घरात, हो, मी आता 'आम्हा'च म्हणते, दर ऑगस्टला विमानाची तिकिटं निघतात. सेगुन्दोकडे कागद नाहीत. गेला तर परत येता येणार नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, पण चोवीसचा आकडा कोणी कधी विचारला नव्हता. ग्रासाने रुमाल डोळ्यांना लावला.

"लाव फोन," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग काय, मी मेल्यावर?"

दोनदा कापला जाऊन तिसऱ्यांदा लागला. पडद्यावर आधी काळं छत दिसलं, मग फेल्ट हॅटची कड, मग एक सुरकुतलेला चेहरा फार जवळून. मागे धूर. कुठल्यातरी नातीने फोन धरला असणार. सेगुन्दो काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला.

"नमस्कार बाई. मी दियोलिंदा. तुमच्या मुलाची घरमालकीण."

म्हातारी घाबरली. "काही चुकलं का त्याचं?"

"नाही हो, गुणी आहे. मला एकच सांगा, एवढं सुंदर घर उभं आहे तुमच्या अंगणात. तुम्ही त्यात का नाही राहत?"

म्हातारी हसली. दात दोनच होते. "मी तिथे चूल पेटवली तर भिंती काळ्या होतील. पांढऱ्या आहेत ना. त्याच्यासाठी कोऱ्या ठेवल्यात."

"होऊ देत काळ्या."

"तो आल्यावर..."

सासूबाईंनी सेगुन्दोकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. मला वाटलं, आता त्या काहीतरी गोड बोलतील, वेळ मारून नेतील. मी तेच केलं असतं.

"तो येणार नाही, बाई," त्या म्हणाल्या. "आमचंही असंच घर आहे तिकडे. आम्हीही म्हणायचो, दोन वर्षं, मग पाच वर्षं. आमच्याकडे कागद होते, पैसे होते, आणि तरी कोणी गेलं नाही. माझी आईसुद्धा मागच्या स्वयंपाकघरातच गेली. नव्या घरात तिने एक रात्र काढली नाही. मी तिला कधी सांगितलं नाही की आम्ही येणार नाही. तेवढं सांगायला हवं होतं."

सेगुन्दो भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. एल्दर त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं त्याने, आणि मीही रागाने नाही बघितलं.

"मला ठाऊक आहे बाई," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी साधा, आज बाजारात काय भाव आहे सांगावा तसा. "यादिरा झाली तेव्हाच कळलं. पण मी जाऊन राहिले असते तर ते माझं घर झालं असतं. त्याचं राहिलं नसतं. मग त्याला यायला काय उरलं?"

सासूबाईंनी फोन सेगुन्दोच्या हातात दिला. तो पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि त्यांच्या डोंगरातल्या भाषेत हळूहळू बोलत राहिला, जी मला येत नाही. एवढं कळलं की तो बोलतोय आणि ती ऐकतेय. मग ती बोलतेय आणि तो रडतोय. शेवटी एकदा 'घर' हा शब्द स्पॅनिशमध्ये आला आणि त्याच्यामागून 'आठशे'.

परत आला तेव्हा म्हणाला, "आई म्हणते, काम थांबव. वरचा मजला अर्धा राहिला तर राहू दे, तिथे मका वाळत घालते."

ग्रासा हसता हसता रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला महागड्या सेंटचा वास होता आणि द्राक्षांचा.

भावोजी मघापासून बॉयलरपाशी उभे होते. त्यांनी त्यामागच्या त्या अरुंद जागेत वाकून बघितलं, जिथे आता रिकाम्या बाटल्या असतात. मग फोन काढून नंबर लावला. आमच्याकडे पाठ होती, पण बोलणं ऐकू येत होतं.

"हो, नॉर्बर्तो बोलतोय. नाही, सोमवारी येऊ नका. विकलं गेलं." मध्ये काहीतरी विचारलं गेलं. "नाही, किमतीचं नाही. किंमत तुमचीच जास्त होती." पुन्हा पलीकडून काहीतरी.

"कोणाला म्हणजे? इथे राहतोय त्याला."